अमेरिकन रंगभूमीची टिंगल करणारं हे जुनं चित्र नक्की कधीचं?

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. एरवी मी रोमातच (नुसती वाचायला) असते, आज गरजेपोटी बाहेर आले आहे.

गेल्या रविवारी आम्ही डेलावेअर नदीकाठच्या एका जुन्या बाजारात गेलो होतो (न्यू जर्सीत राहतो). नवरा गंजके पाने बघत होता, मी कपबशा. एका टेबलाखाली पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक रंगीत चित्र दिसलं. विकणारा चाळीस म्हणाला, नवरा पंधरा म्हणाला, बावीस डॉलरला जमलं. इथे फोटो काही केल्या चढत नाहीये, म्हणून शब्दांत सांगते.

आडवं, मोठं चित्र, मधोमध घडीची रेघ. नाटकाचं स्टेज आहे. डावीकडे एक आडदांड मुष्टियोद्धा, अंगात हॅम्लेटचा काळा पोशाख, हातात बॉक्सिंगचे मोजे, पायाखाली कवटी. मधे पाण्याची भलीमोठी टाकी, त्यात एक बाई बुडतेय आणि पाणी पहिल्या रांगेतल्या लोकांच्या अंगावर उडतंय. मागे दोन घोडे चौखूर धावताहेत, पण त्यांच्या पायाखाली रूळ फिरताहेत, म्हणजे जागच्या जागीच. उजवीकडे तंग मोजे घातलेल्या नाचणाऱ्या बायकांचे नुसते पाय. चेहरे पडद्यानं कापलेत, आणि ते मुद्दामच असणार! स्टेजच्या पायरीपाशी राखेच्या डब्यावर शेक्सपिअर बसलाय, शेजारी मुखवटा हातात घेऊन एक बाई रडतेय. तिकीटखिडकीत हिऱ्याची पिन लावलेला जाडा माणूस, हातात मोठी किल्ली. कोपऱ्यात टोपी घातलेलं एक गुबगुबीत पोरगं हे सगळं बघून हसतंय.

खालची पट्टी कापलेली आहे, त्यामुळे चित्राचं नाव नाही, साल नाही. हे कुठल्या मासिकातलं? कधीचं? आणि हा किल्लीवाला कोण? हॉलमध्ये लावायचा विचार आहे. आल्यागेल्याला काय सांगायचं ते तरी कळू दे.

भाजणीची_चकली
नवऱ्याला आठवडाभर इकडे पाठवा. तुळशीबागेत न्यायचा आहे.

शिळाप्रेस
टोपीवालं पोरगं ओळखलं. तो 'पक'. न्यूयॉर्कचं याच नावाचं विनोदी साप्ताहिक होतं. आधी जर्मन भाषेत, मग १८७७पासून इंग्रजीत, आणि १९१८ला बंद पडलं. पोरग्याचं नाव शेक्सपिअरच्या नाटकातल्या खोडकर पकवरून घेतलंय, म्हणजे शेक्सपिअर राखेत बसलेला पाहून त्याला हसू येण्याला थोडी घरगुती किनार आहे. संस्थापक जोसेफ केपलर व्हिएन्नाचा. चित्रकार व्हायच्या आधी फिरत्या नाटक कंपन्यांत कामं करायचा, अमेरिकेत आल्यावर सेंट लुईसलाही केली. त्यामुळे रंगभूमीची टिंगल हे लोक बाहेरून करत नव्हते.

मधली घडी म्हणजे अंकाच्या मधल्या दोन पानांचं जोडचित्र. दर आठवड्याला असं एक यायचं, रंगीत, शिळाछापाचं. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. रविवर्म्यानं १८९४ला मुंबईत छापखाना काढला तो याच तंत्राचा.

तुमचं चित्र अस्सल आहे की मागाहून काढलेली नक्कल, ते आधी बघा. भिंगाखाली वेडेवाकडे, हातानं टाकलेले ठिपके दिसले तर जुनं. ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसली तर बावीस डॉलर पाण्यात.

गिरगाव_ते_गोरेगाव
पाण्यात म्हणजे त्या टाकीत का?

गिरगाव_ते_गोरेगाव
विनोद सोडा. मला वाटतं हे 'लाइफ'मधलं असेल. त्यातही नाटकवाल्यांवर पुष्कळ चित्रं यायची असं वाचलंय.

शिळाप्रेस
@गिरगाव_ते_गोरेगाव, आपल्या डोक्यात फोटोवालं लाइफ असतं, ते १९३६नंतरचं. त्याआधी १८८३पासून त्याच नावाचं एक विनोदी साप्ताहिक होतं, पुढे फोटोवालं लाइफ काढणाऱ्या हेन्री ल्यूसनं त्याचं फक्त नाव विकत घेतलं. ते मुख्यतः काळ्यापांढऱ्या रेखाटनांचं. रंगीत जोडचित्र आणि कोपऱ्यात पक, यावरून हे पकचंच. 'जज'ही रंगीत असायचं, पकमधूनच फुटून निघालेल्या मंडळींनी १८८१ला काढलेलं, पण ते कोपऱ्यात पक कशाला बसवतील?

फणसगरे
आता माझ्या आवडीचा विषय निघालाय, जरा लांबण लागणार. चहा घेऊन बसा.

किल्लीवाला म्हणजे सिंडिकेट! डोळे झाकून सांगतो.

१८९६ साली न्यूयॉर्कमध्ये सहा जण जेवायला बसले: चार्ल्स फ्रोमन, अल हेमन, एब अर्लँगर, मार्क क्लॉ, सॅम्युएल निक्सन, फ्रेडरिक झिमरमन. उठले तेव्हा अमेरिकेच्या रंगभूमीच्या किल्ल्या त्यांच्या खिशात होत्या. प्रत्येकाकडे किंवा त्याच्या ओळखीत थोडी थोडी थिएटरं होती. ती एकत्र करून त्यांनी ठरवलं की आमच्या थिएटरात नाटक लावायचं असेल तर दौरा सगळा आमच्याच थिएटरांतून करायचा. आणि थिएटरमालकाला आमची नाटकं हवी असतील तर त्यानं दुसऱ्या कुणाला दार उघडायचं नाही. मोठ्या शहरांच्या मधल्या रेल्वेमार्गावरची गावं हातात आली की खेळ संपला. न्यूयॉर्कहून शिकागोला जाताना वाटेत प्रयोग करता आले नाहीत, तर नुसत्या गाडीभाड्यानं कंपनी बुडते.

जे वाकले नाहीत त्यांचे हाल झाले. मिनी मॅडर्न फिस्क, त्या काळची पहिल्या रांगेतली नटी, तिला चांगली थिएटरं बंद, म्हणून मिळेल त्या सभागृहात प्रयोग करायची. नवरा नाट्यविषयक साप्ताहिकाचा संपादक, तो तिथून सिंडिकेटवर आग ओकायचा. आणि १९०६ला टेक्ससमध्ये खुद्द सारा बर्नहार्टला थिएटर मिळेना, तेव्हा तिनं तंबू ठोकून प्रयोग केले. तंबू! साठीला टेकलेली जगातली सर्वांत नावाजलेली नटी, आणि आठवड्यापूर्वी तिथं सर्कस असली तरी नवल नाही अशी जागा.

अर्लँगरला नेपोलियनचं वेड होतं, त्याच्या वस्तू जमवायचा. तुमच्या जाड्यानं कोटात हात खुपसलाय का बघा बरं.

थोडक्यात: किल्ली म्हणजे सिंडिकेट, म्हणजे चित्र १८९६नंतरचं.

दुपारचा_चहा
@फणसगरे, कोटात हात नाही. एक हात गल्ल्यावर, दुसऱ्यात किल्ली. पण काय सुरेख लिहिलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं (साताऱ्याहून आल्या आहेत, सहा महिने मुक्काम). तंबूचं ऐकून म्हणाल्या, 'मग तमाशाच की.'

तिसरी_घंटा
सिंडिकेट म्हणजे काय हे मराठी नाटकात काम केलेल्याला एका शब्दात कळेल: तारखा.

वीस वर्षं नाटकांचं व्यवस्थापन करतोय. नाटक चांगलं असतं, नट चांगले असतात, पण शनिवार रात्र आणि रविवार दुपारची तारीख नसेल तर ते सगळं मंगळवारी सकाळी अकराला पंचावन्न माणसांपुढे होतं. नटाची नाईट (प्रयोगाचे पैसे) द्यावीच लागते, टेम्पोवाला थांबत नाही, जाहिरात आधीच छापून आलेली. एका गावात (नाव नको) मी तारखेसाठी तीन तास बाकावर बसलो होतो आणि माझ्यासमोर ती तारीख फोनवर दुसऱ्याला गेली. का, ते विचारायची सोय नव्हती, कारण पुढल्या तिमाहीला पुन्हा त्याच बाकावर बसायचं होतं.

फणसगरे म्हणतात ते सहा जण नाटकं कमी आणि तारखा जास्त विकत होते. नाटकवाल्याचा गळा धरायचा तर संहितेपेक्षा कॅलेंडर धरावं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

खमंग_फोडणी
@तिसरी_घंटा +१. मंगळवार सकाळ अकरा, हसावं की रडावं.

ओसरीवरचा
थोडी उलटी बाजू मांडतो, मग हाणा.

सिंडिकेट यायच्या आधी काय नंदनवन होतं? रेल्वे झाल्यावर गावोगावच्या कायम कंपन्या मोडल्या आणि न्यूयॉर्कहून निघालेल्या फिरत्या कंपन्या आल्या. लहान गावचा थिएटरवाला दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कला जाऊन युनियन स्क्वेअरच्या फुटपाथवर कंपन्यांचे मॅनेजर गाठायचा आणि तारखा ठरवायचा. खबरदारी म्हणून एकाच तारखेला दोन कंपन्यांना हो म्हणायचा. कंपनीही दोन गावांना हो म्हणायची. आयत्या वेळी कुणीतरी तोंडघशी पडायचं. सिंडिकेटनं एका टेबलावर अख्ख्या हंगामाचं वेळापत्रक करून दिलं. सुरुवातीला पुष्कळ थिएटरवाले आनंदानं गेले त्यांच्याकडे.

फणसगरे
@ओसरीवरचा, मान्य. रोग खरा होता. पण डॉक्टरनं औषधाबरोबर घरही लिहून घेतलं.

तिसरी_घंटा
एका तारखेला दोघांना हो म्हणणं आजही चालतं, फुटपाथची जागा फोननं घेतलीय इतकंच.

मुक्ताफळ
एक विचारायचं होतं. त्या जाड्याचं नाक कसं काढलंय?

विचारतेय कारण सिंडिकेटवरच्या चित्रांना एक घाण बाजू आहे. सिंडिकेटचे बहुतेक सूत्रधार ज्यू होते. 'लाइफ'नं त्यांच्यावर जी मोहीम चालवली, ती मक्तेदारीवरून हळूच जातीवर घसरली. वाकडी नाकं, जाड ओठ, सावकारी हात. तीन दशकांनी युरोपात जे चेहरे रंगवले गेले ते याच साच्यातले. म्हणून हॉलमध्ये लावायच्या आधी नीट बघा. तुमच्याकडे एखादी ज्यू मैत्रीण आली तर तिला पहिल्या नजरेत काय दिसेल?

फणसगरे
बरोबर आहे, मी हे लिहायला हवं होतं. पण लाइफची दुसरी बाजूही सांगतो. ३० डिसेंबर १९०३ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात आग लागून सहाशेहून जास्त माणसं गेली, बरीचशी बायका-मुलं. सुट्टीतला दुपारचा खेळ होता. दारं बंद, काही कुलूपबंद. प्रयोग क्लॉ-अर्लँगरांचा. लाइफनं त्यावर जहरी चित्र छापलं, त्यांनी बेअब्रूचा दावा लावला आणि ते हरले. पुढे १९०५ला लाइफचा समीक्षक जेम्स मेटकाफ याला न्यूयॉर्कच्या ४७ थिएटरांनी दारातच अडवायचं ठरवलं. हा कोर्टात गेला, पण खासगी जागेत कुणाला घ्यायचं ते मालक ठरवणार, असाच शेवटी निकाल. म्हणजे तिकीट काढून आलेल्या समीक्षकालाही हाकलता येत होतं.

मुक्ताफळ
दावा जिंकला म्हणून नाक सरळ होत नाही. आगीबद्दल जाब विचारणं वेगळं आणि 'हे लोक असेच' असं रंगवणं वेगळं. मेटकाफची गोची खरी, पण तो दोन्ही करत होता.

ओसरीवरचा
जमाना तसा होता. पकमध्ये आयरिश माणसाला सर्रास माकडासारखं काढायचे.

मुक्ताफळ
मग आयरिश माणसाच्या हॉलमध्ये तेही नको.

दुपारचा_चहा
नाक बघितलं. साधं बटाट्यासारखं आहे, लाल. पिऊन पिऊन झालेलं वाटतं. मिशा नाहीत, कल्ले आहेत. मला तरी कुठल्या समाजावर बोट दिसत नाही. पण विचारलंत ते बरं केलंत, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि शिळाप्रेस, भिंग अजून मिळालेलं नाही. नवऱ्याकडे होतं म्हणे, गराजमध्ये. त्या गराजमध्ये वास्को द गामाही सापडेल.

घोडा_मैदान
माझं नावच असं, तेव्हा घोड्यांवर बोलायचा हक्क माझा.

जागच्या जागी धावणारे घोडे म्हणजे 'बेन-हर'. नोव्हेंबर १८९९, ब्रॉडवे थिएटर, निर्माते पुन्हा तेच क्लॉ-अर्लँगर. रथांच्या शर्यतीला स्टेजवर खरे आठ घोडे, पायाखाली फिरते पट्टे, पोलादी तारांनी बांधलेले, आणि मागचा रंगवलेला देखावा उलट्या दिशेनं गरागरा फिरतोय. वीसेक वर्षं देशभर फिरलं ते. म्हणजे फणसगरेंचंच बरोबर, चित्र १८९९नंतरचं. सिंडिकेटची किल्ली आणि सिंडिकेटचेच घोडे!

भाजणीची_चकली
आमच्या सोसायटीच्या जिममध्ये पण सगळे असेच धावतात, मागे देखावा तेवढा नाही.

गिरगाव_ते_गोरेगाव
'जाणता राजा'तले घोडे निदान खरंच पुढे जायचे. हत्तीही होता.

कोपऱ्यातली_खुर्ची
@घोडा_मैदान, घोडं इथंच अडतंय. फिरत्या पट्ट्यावरचे घोडे बेन-हरच्या दहा वर्षं आधी आले होते. नील बर्जेस नावाचा नट म्हाताऱ्या बायकांची कामं करायचा, त्याच्या 'द काउंटी फेअर'मध्ये १८८९ला न्यूयॉर्कमध्ये अशीच शर्यत होती. त्यात रथ नव्हते, घोडे आणि वर जॉकी. मूळ चित्रात रथ आहेत का?

दुपारचा_चहा
रथ नाहीत! घोड्यांवर बारकी टोपीवाली माणसं आहेत. लिहायचं राहिलं, सॉरी.

घोडा_मैदान
पाडलंत तोंडावर.

कोपऱ्यातली_खुर्ची
पडू नका, जॉकी १९००नंतरच्या चित्रातही असू शकतो. पण आता मुष्टियोद्ध्याचं सांगा. मिशी आहे का? केस कसे?

दुपारचा_चहा
मिशी आहे, झुबकेदार, टोकं खाली. केस अगदी बारीक कापलेले.

कोपऱ्यातली_खुर्ची
मग तो जॉन एल. सलिव्हन. त्या काळी जगज्जेता मुष्टियोद्धा निवृत्तीची वाट न बघता नाटकात घुसायचा, कारण स्टेजवर ठोसे न खाता पैसे मिळायचे. सलिव्हन १८९०ला 'ऑनेस्ट हार्ट्स अँड विलिंग हँड्स' घेऊन दौऱ्यावर निघाला. भूमिका लोहाराची, कथानक जेमतेम, आणि शेवटी सगळे ज्याची वाट बघत असायचे ती मारामारी. ७ सप्टेंबर १८९२ला न्यू ऑर्लिन्सला जिम कॉर्बेटनं त्याला लोळवला आणि त्याच वर्षी कॉर्बेटही नाटकात आला. कॉर्बेट सफाचट, कपाळावरून उंच फुगवलेले केस. १८९२नंतर चित्रकारानं मुष्टियोद्धा-नट काढला असता तर तो कॉर्बेटसारखा निघाला असता.

पाण्याची टाकीही त्याच सुमाराची. १८८०च्या दशकाच्या शेवटी खऱ्या पाण्यात नायिका बुडवायची लाटच आली होती. लाट म्हणजे दोन्ही अर्थांनी.

म्हणून माझं मत: १८९० ते १८९२.

फणसगरे
मग किल्लीचं काय? १८९०ला सिंडिकेट नव्हतं. किल्ली ही इतकी नेमकी गोष्ट आहे की चित्रकार ती उगीच काढणार नाही. मिशीचे मुष्टियोद्धे नंतरही असतील. मी १८९६वर ठाम.

ओसरीवरचा
मिशी विरुद्ध किल्ली. दंगल सुरू. खारे शेंगदाणे कुणाकडे आहेत?

रिकामटेकडी
अवांतर: हाउस्टन आणि लाफायेट रस्त्याच्या कोपऱ्यावरची लाल विटांची 'पक बिल्डिंग' हीच का? रोज तिच्यावरून जाते. दारावर टोपी घातलेलं सोनेरी पोरगं आहे, हातात आरसा. मला वाटायचं टोपीचं दुकान असेल पूर्वी.

शिळाप्रेस
@रिकामटेकडी, तीच. १८८०च्या दशकातली. वर संपादक-चित्रकार, तिथंच छापखाना. आरसा लोकांना दाखवायला, दुसऱ्या हातात लेखणी आहे ती टोचायला.

दुपारचा_चहा
मंडळी, घात झाला. म्हणजे माझ्याकडूनच.

भिंग सापडलं. शिळाप्रेस, ठिपके वेडेवाकडे आहेत, मुष्टियोद्ध्याच्या गालावर तर कुणीतरी बसून एकेक टाकल्यासारखे. नक्कल नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, मला बघू दे. त्यांनी चाळीस वर्षं साताऱ्यात ब्लाउज शिवलेत. चित्र खिडकीपाशी नेलं, भिंग धरलं, आणि दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'अगं, किल्ली कुठली? कात्री आहे ही. बोटं बघ की, कड्यात घातलीत. किल्ली कुणी अशी धरतं का?'

बघितलं तर खरंच! अंगठा एका कड्यात, दोन बोटं दुसऱ्यात. पाती मिटलेली आहेत म्हणून मला किल्लीचा दांडा वाटला. आणि पायाशी जे मी पेट्या समजत होते ती पुस्तकं आहेत. एकीवर 'पॅरिस' लिहिलंय, दुसरीवर 'बर्लिन'. पॅरिसमधून पान कापून बाहेर लोंबतंय.

फणसगरे, माफ करा हो.

फणसगरे
सहा माणसं, एक जेवण, सारा बर्नहार्टचा तंबू... सगळं त्या टाकीत. सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांगा.

तिसरी_घंटा
चाळीस वर्षं कात्री धरलेला हात तुमच्या-माझ्या वाचनाला भारी पडला. आमच्या कपडेपटातले एक काका पोशाखाची शिवण उलटी करून बघायचे आणि नाटक कुठल्या कंपनीचं ते सांगायचे.

कोपऱ्यातली_खुर्ची
कात्री आणि पॅरिस-बर्लिन म्हटल्यावर कोडं सुटलंच. जुलै १८९१पर्यंत परदेशी लेखकाला अमेरिकेत स्वामित्वहक्काचं संरक्षण नव्हतं. फ्रेंच, जर्मन, इंग्रजी नाटक छापून आलं की उचला, कापा, नावं बदला, लावा. लेखकाला दमडी नाही. गिल्बर्ट-सलिव्हन या इंग्रज जोडीचं (हा सलिव्हन वेगळा, ठोसे न मारणारा) संगीत नाटक 'पिनाफोर' अमेरिकेत गावोगाव लागलं, पैसे यांना मिळेनात. म्हणून पुढचं 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स' त्यांनी ३१ डिसेंबर १८७९ला थेट न्यूयॉर्कमध्येच उघडलं. चाच्यांवरचं नाटक चाच्यांच्या भीतीनं.

तेव्हा तुमचा जाड्या म्हणजे अमेरिकन लेखकाला काम न देता युरोपचा माल कापून विकणारा मॅनेजर. फुकट मिळत असताना घरच्या लेखकाला पैसे कोण देणार? मला वाटतं चित्राचं खरं दुखणं तेच आहे. घोडे, टाकी, पाय ही सगळी सजावट.

खमंग_फोडणी
कात्री आपल्याकडेही होतीच की. देवलांचा 'झुंझारराव' त्याच सुमाराचा, ऑथेल्लोवरून.

तिसरी_घंटा
@खमंग_फोडणी, कात्रीनं कापलं पण टाके असे घातले की अंगाला बसलं. रूपांतराला मी चोरी म्हणणार नाही. शेक्सपिअरनं तरी कथा कुठून आणल्या होत्या?

ओसरीवरचा
कात्री १८९१नंतरही मिटली नव्हती बरं का, तेव्हा फक्त परवानगी घेऊन कापायचे. नुसत्या कात्रीवर साल ठरवू नका, मिशी जास्त भरवशाची.

मुक्ताफळ
चित्राशीच भांडायचं आहे मला. शेक्सपिअर राखेत, हे १८९०ला खोटं आहे. एडविन बूथ हा नावाजलेला अमेरिकन नट तेव्हा हॅम्लेट करत होता. शेवटचा प्रयोग एप्रिल १८९१ला ब्रुकलिनला झाला, तोही हॅम्लेटचाच. थकला होता, आवाज गेला होता, पण लोक येत होते.

आणि खरी गोष्ट तर चित्रात नाहीच. जेम्स हर्न नावाच्या नट-लेखकानं १८९०ला 'मार्गारेट फ्लेमिंग' लिहिलं. नवऱ्याला दुसऱ्या बाईपासून मूल होतं, ती बाई मरते, बायको ते भुकेलं पोर उचलते आणि पाजायला पोलक्याची बटणं सोडते, अंक संपतो. १८९०ला! मोठं थिएटर कुणी देईना. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी आधी लावलं, मग १८९१ला बॉस्टनमध्ये चिकरिंग हॉल नावाचं मैफलींचं छोटं सभागृह भाड्यानं घेऊन. प्रमुख काम त्याच्या बायकोचं, कॅथरीनचं. म्हणजे घरचा लेखक होता, नाटक होतं, आणि सिंडिकेट जन्मायच्या आधीच दार बंद होतं. व्यंगचित्रकाराला राखेतला शेक्सपिअर दिसला, भाड्याच्या हॉलमधला हर्न दिसला नाही.

फणसगरे
@मुक्ताफळ, हे मला माहीतच नव्हतं. बटणांवर अंक संपतो...

तिसरी_घंटा
मंगळवार सकाळ अकरा.

गिरगाव_ते_गोरेगाव
पुठ्ठ्यावरून सोडवून मागची बाजू का बघत नाही? मागच्या पानावर मजकूर असेलच, तारीख कळेल. किटलीची वाफ द्यायची.

शिळाप्रेस
वाफ देऊ नका!!! हात जोडतो. तो कागद स्वस्त लाकडी लगद्याचा असतो, ओला झाला की पापडासारखा तुटतो. शिवाय गोंद कुठला ते माहीत नाही. काचेआड लावा, ऊन लागू देऊ नका, आणि मागे नवा पुठ्ठा आम्ल नसलेला घ्या.

साल शोधायला सोपा रस्ता आहे. पकची जोडचित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात घरबसल्या बघता येतात. साप्ताहिक आहे, वर्षाला बावन्न. १८८९च्या सुरुवातीपासून १८९२च्या अखेरपर्यंत चाळत या, फार तर दोनशे आठ चित्रं. सगळी चढवलेली असतीलच असं नाही, पण एवढं मोठं चित्र नजरेतून सुटणार नाही.

भाजणीची_चकली
दोनशे आठ! लग्नाचा अल्बम सुद्धा एवढा नसतो.

दुपारचा_चहा
रोज दुपारी चहानंतर मी आणि सासूबाई लॅपटॉपसमोर बसतो. मी पान उलटते, त्या 'हे नव्हे' म्हणतात. राष्ट्राध्यक्षांची, हत्ती-गाढवांची, जकातीची चित्रं. त्यांना काही माहीत नसतं, पण कोण कुणाला फसवतंय ते बरोबर ओळखतात. काल एका चित्रात थांबल्या, मला वाटलं सापडलं. तर म्हणाल्या, 'या बाईची बाही चुकीची काढलीय, असा हात वर गेला तर शिवण उसवेल.'

फ्रेमवाल्यानं एकशे चाळीस डॉलर सांगितले. नवरा आज घासाघीस करायला गेलाय.

एकसष्ट चित्रं झाली. सासूबाईंचं परतीचं तिकीट १९ तारखेचं.